गाळणीतून जाईल ते

आमच्या गटात मला मास्तरीणबाई म्हणतात, आणि ते नाव मी कमावलेलं आहे. वजन उतरवायचं ऑपरेशन झालेले आणि होऊ घातलेले लोक या गटात येतात. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर व्यायामाच्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या गाद्यांच्या मधे आमच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. आहारतज्ज्ञ बाई येतात, चार वाक्यं बोलतात आणि वॉर्डात निघून जातात. मग सगळी तोंडं माझ्याकडे वळतात. माझं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून टिकून आहे, एवढीच माझी पदवी. पोटापाण्यासाठी मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसते. ऑपरेशन झालेल्यांचे कपडे ढगळ होतात, ते आवळून घ्यायला माझ्याकडेच येतात, आणि शिवण उसवता उसवता मी त्यांना अक्कल शिकवते.

ती अक्कल अशी. पाणी घोटघोट प्यायचं, जेवताना मुळीच नाही. घास इतका चावायचा की गिळताना तो कशाचा होता हे आठवू नये. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, बरं वाटतंय म्हणून शहाणपणा करायचा नाही. केस गळतील, रडत बसायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे दिवस. तेव्हा फक्त पातळ, बिनचरबीचं, बेतानं. आमच्यासारख्यांचं यकृत चरबीनं फुगलेलं असतं आणि ते नेमकं जठरावर पसरून बसतं. खाणं आटवलं की ते आक्रसतं, तेव्हा कुठे सर्जनला ते बाजूला सारून खाली हत्यारं घालता येतात. पण यकृत, चरबी असं काही बोलायला लागलं की लोकांचे डोळे मिटायला लागतात. म्हणून मी एक सुटसुटीत वाक्य करून ठेवलं होतं. गाळणीतून जाईल ते तुमचं, वर राहील ते घरच्यांचं. लोक हसायचे आणि लक्षात ठेवायचे. मला त्या वाक्याचा केवढा तोरा होता.

माझी धाकटी बहीण बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. तिचा आवाज साऱ्या गावाला ठाऊक आहे. स्वच्छ, कुठेही न अडखळणारा, गाडी उशिरा येणार असली तरी ऐकणाऱ्याला राग येऊ नये असा. ती कशी दिसते ते मात्र कुणाला माहीत नाही, कारण तिची काचेची केबिन वरच्या मजल्यावर आहे. तो जिना हल्ली तिला चढवत नव्हता. अर्ध्यावर बसायची, रुमालाने मान पुसायची आणि वर पोचल्यावर धाप जाईपर्यंत माइकला हात लावायची नाही. मी माझ्या सगळ्यात वाईट दिवसांत होते त्याहून ती जड होती. झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला मशीन लावून बसूनच झोपायची. हृदयाच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की हे हृदय आता थकलंय, असंच चालू राहिलं तर फार दिवस ओढणार नाही. सर्जन तिला भूल द्यायलाच तयार नव्हते. मी त्यांच्या दारात किती खेटे घातले ते माझं मला माहीत. शेवटी ते हो म्हणाले.

धाकटी राहते बाबांकडे. किंवा बाबा तिच्याकडे राहतात म्हणा, घर एकच. बाबांचा उभा जन्म बेकरीत भट्टीपुढे गेला. त्यांच्या हाताला पीठ किती भिजलंय ते कळतं, बटाट्याची साल काढताना सुरी कुठे ठेवली ते कळत नाही. आई गेली तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरचा पाव आणायचा, मोरीपाशी उभ्याने खायचा आणि खुर्चीत जाऊन भिंतीकडे बघत बसायचं. दाढीसुद्धा धाकटीने चार वेळा सांगितल्यावर करायचे. मी जायचे, दोन शब्द बोलायचे, आणि परत येताना मला त्यांचा राग यायचा. माणसानं इतकं विझून बसू नये असं वाटायचं. आपण काही करू शकत नाही याचाच तो राग होता.

तर धाकटीचं पातळ खाणं सुरू व्हायचं ठरलं, तेव्हा मी तिला म्हटलं, माझ्याकडे ये राहायला. तेवढ्यात बाबा खुर्चीतून बोलले, "मी करीन तिचं."

आम्ही दोघी बघतच राहिलो.

"काय काय चालतं ते सांग," बाबा मला म्हणाले.

मी सांगितलं. यकृताचं सांगितलं, चरबीचं सांगितलं. ते मान डोलवत होते, पण नजर चुलीकडे होती. मग माझं लाडकं वाक्य सांगितलं, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला. गाळणं हे त्यांच्या धंद्यातलं काम होतं.

"हे मला जमेल," ते म्हणाले.

त्या दिवसांत मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी धाकटीला फोन करायचे.

"पातळच घेतेयस ना?"

"हो गं ताई."

"भूक लागते?"

"नाही. बाबा करून देतात ना."

हे ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी झोंबायचं. माझ्या वेळी दुकानातल्या बटणांच्या बरणीकडे बघून मला तोंडाला पाणी सुटायचं. हिला भूक लागत नाही म्हणे. वाटलं, आपल्यापेक्षा खमकी निघाली. गटात मी तिचं उदाहरणसुद्धा दिलं, बघा, मनावर घेतलं की होतं.

एका सुट्टीच्या दिवशी जाऊन आले. दारातूनच वास आला, आणि मला आई असतानाचं घर आठवलं. बाबा ओट्यापाशी उभे होते. दाढी गुळगुळीत, अंगात धुतलेला सदरा, कमरेला आईचा जुना टॉवेल खोचलेला. मला त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं.

"भट्टीपाशी बाहेरच्यांनी यायचं नाही."

"मी बाहेरची का?"

"तू शिवणकामातली. तिकडे बस."

त्यांनी कप आणून दाखवला. मी तो खिडकीशी नेऊन तिरका करून बघितला. तळाला कण नाही, वर तवंग नाही, कडेला काही चिकटलेलं नाही. रंग दुधाळ, पण बिनसायीचं दूध पथ्यात बसतं. "मलमलीतून तीनदा गाळलंय," ते म्हणाले. मी चाखून बघायला हवं होतं. पण मी जेवून गेले होते, आणि आमच्या या एवढ्याशा पोटात जेवणावर एक घोटसुद्धा मावत नाही. मी कप परत दिला आणि बाबांना शाबासकी दिली. धाकटी पलंगावर उशांना टेकून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. स्ट्रेचरवर सपाट झोपवता येईना म्हणून डोक्याकडची बाजू उंच केली होती. ती मला म्हणाली, "ताई, सदरे आवळायला तुझ्याकडेच टाकणार आहे, आत्ताच सांगते." मी म्हटलं, "रांगेत ये." दार बंद झालं.

बाबांनी बरोबर थर्मास आणला होता. तिला शुद्ध आल्यावर भूक लागेल म्हणून. मी म्हटलं, बाबा, तिला आज पाण्याचा थेंबसुद्धा देणार नाहीत. ते म्हणाले, राहू दे, उद्याचं उद्या ताजं करीन. आणि थर्मास मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाकावरच्या बाईंना त्यांनी आपणहून सांगितलं की माझी मुलगी आत आहे, सगळं पथ्य मीच केलंय. कितीतरी दिवसांनी ते अनोळखी माणसाशी बोलत होते.

सर्जन फार लवकर बाहेर आले. मला त्यातला हिशेब कळतो. इतक्या लवकर हे ऑपरेशन उरकत नाही.

"ती ठीक आहे," ते आधी म्हणाले. "पण मी ऑपरेशन केलं नाही. दुर्बीण घालून बघितलं आणि बंद केलं. यकृत तसंच्या तसं आहे. उचलायला गेलो तर रक्त यायला लागलं. तिनं पथ्य पाळलेलं नाही."

"पाळलंय," मी म्हणाले. "माझी बहीण आहे ती. मी रोज विचारत होते."

"तुम्ही विचारत होता, यकृत काही वेगळं सांगतंय. संध्याकाळी येतो, तेव्हा तिलाच विचारू." ते दमलेले होते, आणि माझ्यावर रागावलेलेही होते. त्यांना दारात खेटे घालून मीच तयार केलं होतं.

बाबा मधे पडले. "डॉक्टर, एक घास तिच्या पोटात गेलेला नाही. मी माझ्या हातानं गाळून दिलंय." डॉक्टरांनी मान हलवली आणि गेले.

मी बाकावर बसले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. बाबांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि त्यातच ओतून माझ्या हातात दिलं. "तू तरी घे. तोंड बघ कसं झालंय."

मी एक घोट घेतला.

लोणी. आधी लोणी लागलं, मग साय, मग त्याच्या मागून हलकासा गोडवा, आणि जिभेवर राहिलेला तो मऊपणा मैद्याचा होता. असलं सुरेख काही मी कित्येक वर्षांत चाखलं नव्हतं. ते प्यायल्यावर कुणालाही भूक लागली नसती.

"चांगलं झालंय ना?" बाबांनी विचारलं.

"काय घातलंय यात?"

ते खुलले. धंद्यातली गोष्ट निघाली की ते असेच खुलायचे. "नुसत्या पाण्यावर पोर कशी जगेल? लोणी आधी वितळवून घ्यायचं, मैदा त्यातच भाजायचा, पण रंग येऊ द्यायचा नाही. मग साय. शेवटी पिवळा बलक, फेटून, आच बंद केल्यावर. नाही तर फुटतं. आणि मग गाळायचं. एक कण वर राहत नाही बघ. तू सांगितलं होतंस ना, गाळणीतून जाईल ते तिचं."

मी रागीट बाई आहे, दुकानात गिऱ्हाईकाला तोंडावर सुनावते, सर्जनशी भांडते. त्या म्हाताऱ्या माणसाच्या गुळगुळीत दाढीकडे बघून मला एक अक्षर सुचलं नाही. मी झाकण रिकामं केलं. पोट तडतडलं तरी रिकामं केलं, आणि थर्मास त्यांच्याकडून काढून माझ्या मांडीवर घेतला.

धाकटीला वॉर्डात आणलं तेव्हा मी बाबांना चहा प्यायला खाली पाठवलं. ती हळूहळू जागी झाली. हात चाचपडत पोटावर गेला, पट्ट्या लागल्या, आणि ती हसली.

"झालं?"

असा प्रश्न कुणावर येऊ नये. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. शब्द फिरवले नाहीत, फिरवून ते कमी होणार नव्हते. ती वरच्या पंख्याकडे बघत राहिली. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं. मी पदराने पुसलं.

मग तिनं विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

मला वाटलं, ऑपरेशन झालं नाही हे सांगितलं का असं विचारतेय. म्हटलं, "होते ना ते तिथेच."

"ते नाही. थर्मासमधलं."

तिची नजर माझ्या मांडीवरच्या थर्मासवर होती.

"तुला माहीत होतं?"

"ताई, मला लोणी कळणार नाही का? मी त्यांचीच मुलगी आहे."

"मग प्यायलीस का? एक फोन करायचास. मी येऊन ओतून दिलं असतं सगळं."

"पहिल्या दिवशी करणारच होते." तिला धाप लागत होती, थांबून थांबून बोलत होती. "ते कप घेऊन आले. दाढी केली होती, गं. मी सांगितलं नव्हतं तरी. मी प्यायले, तर माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, तुझ्या आईलाही असंच आवडायचं. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तर ते गुणगुणत होते."

"आणि तुझ्या जिवाचं काय?"

"वाटलं, थोडं थोडं पिते. अर्धा कप टाकून देत होते मोरीत. वाटलं, तेवढ्यानं होईल." मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू, भूकही लागली होती. आणि ते फार चांगलं लागायचं."

मला रडू कोसळलं. मी गटात शेकडो लोकांना सांगितलंय की घरचे आग्रह करतील, तेव्हा ठामपणे नाही म्हणायचं, कपाटाला कुलूप लावायचं, समारंभाला जायचं नाही. ठामपणे नाही म्हणायचं. कुणाला, हे मी कधी सांगितलं नव्हतं.

"मी बाबांना सांगते," मी डोळे पुसून म्हटलं. "शांतपणे सांगते. त्यांची चूक नाही, माझं वाक्यच तसलं होतं. आणि डॉक्टरांनाही सांगते. म्हणजे तुला लगेच पुढची तारीख देतील, तोवर माझ्याकडे राहा."

तिनं माझं मनगट पकडलं. त्या हातात अजून सुई होती. "तू सांगितलंस तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. या वेळी उठायचे नाहीत. आईच्या वेळी पण त्यांना वाटलं होतं की आपल्याच हातून काही राहिलं. ताई, तू बोललीस तर मी परत त्या टेबलावर चढणार नाही. कुणी कितीही सांगू दे."

"आणि नाही बोलले तर तुला टेबलावर घेणार कोण?"

दारात पावलं वाजली.

सर्जन, मागे नर्स, आणि त्यांच्या मागोमाग बाबा. चहा न पिताच ते वर आले होते. सर्जननी तिची नाडी बघितली, पट्ट्या बघितल्या, आणि स्टूल ओढून बसले. आवाज सकाळपेक्षा मऊ होता.

"मी रागवायला आलेलो नाही. पण मला खरं कळायला हवं. तुम्ही पथ्य पाळूनही यकृत असं असेल तर ते वेगळंच दुखणं आहे, त्याच्या तपासण्या कराव्या लागतील. आणि पाळलं नसेल तर तसं सांगा. काय खात होता?"

मी तोंड उघडलं. माझ्या मनगटावर तिची बोटं अजून होती, ती आवळली.

"मी चोरून खात होते," धाकटी म्हणाली. "रोज. बिस्किटं, पाव, मिळेल ते. घरात कुणाला माहीत नव्हतं."

ती धापा टाकत नव्हती. बसस्थानकावरचा तो स्वच्छ आवाज होता, कुठेही न अडखळणारा.

सर्जन स्टुलावरून उठले. "मग मी आत्ता काही करू शकत नाही," ते म्हणाले. "हे आधीचे दिवस तर सोपे असतात. ऑपरेशननंतर चोरून खाल्लं तर टाके सुटतात, माणूस जातो. आहारतज्ज्ञांकडे नियमानं यावं लागेल, बरेच महिने. त्या हो म्हणाल्या तर पुढचं बघू. तोवर हृदयाकडे लक्ष ठेवा." जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमची बहीण, असं म्हणायचं असावं त्यांना. म्हणाले नाहीत. नर्स मात्र म्हणाली की आता पातळ काही द्यायला हरकत नाही.

बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरला होता.

"चोरून?" ते म्हणाले. "मी तिकडे जीव ओतून करतोय. तीन-तीनदा गाळतोय. आणि तू उशीखाली बिस्किटं ठेवतेस?"

"चुकलं बाबा."

"माझ्यासाठी नको गं, स्वतःच्या जिवासाठी तरी. तुझी आई असती तर काय म्हणाली असती?" त्यांचा आवाज फाटला. "भूक लागली होती तर मला सांगायचंस. मी आणखी करून दिलं असतं."

"बाबा," मी म्हणाले. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, नुसता थकवा होता, अर्ध्या जिन्यावर बसलेल्या माणसाला असतो तसा. आणि मी, जिच्याकडे सगळ्या गटाला द्यायला उत्तरं असतात, ती पुढचं वाक्य गिळून बसले. आज नाही बोलले. उद्या बोलेन का, तेही मला सांगता येणार नाही.

"तू मधे पडू नकोस, थोरले," बाबा म्हणाले. "तिची बाजू घेऊ नकोस." त्यांनी माझ्या मांडीवरचा थर्मास उचलला. मी तो घट्ट धरला होता, पण ते माझे बाबा आहेत, त्यांनी ओढला आणि मी सोडला. त्यांनी झाकणात ओतलं. वाफ आली, त्याबरोबर तो वासही. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मान वळवून बघितलं.

"घे," ते धाकटीला म्हणाले. राग ओसरला होता. "झालं ते झालं. आजपासून मी घातलेलंच घ्यायचं, दुसरं काही नाही. मी बघतो तुझं यकृत कसं उतरत नाही ते."

तिनं दोन्ही हातांनी झाकण धरलं. मी तिच्या पाठीमागे उशी सरकवली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला पहिल्या कपाच्या वेळी मी जे सांगते तेच माझ्या तोंडून निघालं.

"हळू पी. छोटा घोट घे."

"ऐक थोरलीचं," बाबा म्हणाले. "तिला यातलं सगळं कळतं."